सिम काढू नका, ताई

वाचकाचं पत्र

मी ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका, कराडला राहते. ऑक्टोबरच्या मध्यावर मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला, न्यू जर्सीतल्या एडिसनला निघाले आहे. मार्चअखेरपर्यंत राहीन. मुंबईहून अबुधाबी आणि तिथून न्यूयॉर्क, एकटीच. विमानात बसायची ही पहिलीच वेळ. यजमान ७१ वर्षांचे, बायपास झालेले. ते इथेच राहणार. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि तो बदलायला ते अजिबात तयार नाहीत. जावई म्हणतात, इथे आलात की भारताचं सिम काढून टाका, इथलं देतो. बँकेतली मुलगी म्हणते, नंबर बंद पडू देऊ नका. भाचा म्हणतो, रोमिंगचं मोठं पॅक मारा. शेजारच्या काकू म्हणतात, स्काइप घ्या, फुकट असतं. कोणाचं ऐकू? आणि रात्री-अपरात्री ह्यांना काही झालं तर मला कसं कळणार, ह्या विचाराने झोप लागत नाही.

एक वाचक, कराड

उत्तर

ताई,

तुमचा खरा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. सगळे तुमच्या फोनबद्दल सांगताहेत, घरी राहणाऱ्या माणसाच्या फोनबद्दल कोणीच बोलत नाही. तुमच्यासोबत तिकडे लेक आहे, जावई आहेत. तुमचा फोन बिघडला तर दुसरा हातात येईल. तयारीचा मोठा वाटा कराडच्या घरात करायचा आहे. त्याबद्दल सविस्तर लिहिते, पण आधी सिमचा प्रश्न मिटवू.

ह्या चौघांत बँकेतल्या मुलीचं ऐका. तुमचा नंबर बँकेला, आधारला, गॅसला, पेन्शनला जोडलेला आहे. सहा महिन्यांत ओटीपी लागणार नाही असं होत नाही. प्रीपेड नंबरावर सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याच कोणाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचे निरोप त्याच्या हातात. म्हणून निघण्याआधी वर्षभराचं रिचार्ज करून टाका. इंटरनेट नसलेली, फक्त बोलणं आणि एसएमएस असलेली दीर्घ मुदतीची पॅकही जानेवारी २०२५ पासून मिळू लागली आहेत. तुम्हाला तिकडे भारताच्या सिमवर इंटरनेट लागणारच नाही, तेव्हा तसलंच मागा.

जावयांचं अर्धं ऐका. तिकडचं सिम जरूर घ्या, पण भारताचं काढून पाकिटात ठेवू नका. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात. पहिल्या जागी भारताचं, दुसऱ्या जागी तिथलं. ह्याला आणखी एक कारण आहे. व्हॉट्सॲप ज्या नंबरावर चालतं ते सिम त्याच फोनमध्ये चालू असलं पाहिजे, असा आदेश आपल्या दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला. तिकडचं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप कधी कधी विचारतं, नंबर बदलायचा का? नाही म्हणा. जुन्याच नंबरावर राहा, म्हणजे कराडच्या माणसांना तुम्ही जिथल्या तिथे सापडाल.

भारतात असतानाच कंपनीला सांगून त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. चालू करून घेणं वेगळं आणि मोठं पॅक मारणं वेगळं. रोमिंग चालू असलं की बँकेचा एसएमएस तिकडे पोचतो आणि आलेल्या एसएमएसचे सहसा पैसे पडत नाहीत. त्या सिमवर आलेला फोन मात्र उचलायचा नाही. तिथे उचलण्याचेही पैसे कापले जातात, आणि भरपूर. सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' नावाचं एक बटण असतं, ते भारताच्या सिमसाठी बंद ठेवा. विमान उतरलं की फोन आपणहून फोटो, ॲप, काय काय खेचायला लागतो. परदेशातून आल्यावर मोठमोठी बिलं येतात ती बहुतेक ह्या एका बटणामुळे. भाच्याला सांगा, मोठ्या पॅकचे पैसे वाचवले.

आणि काकूंना सांगा, स्काइप ५ मे २०२५ रोजी कायमचं बंद झालं.

एक काम आजच करा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी नंबर दिसेल. तो जावयांना पाठवा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये जुनं थ्री-जी जाळं बंद केलं, त्यामुळे आपल्याकडे ठणठणीत चालणारा एखादा फोन तिथल्या सिमवर इंटरनेट देतो पण साधा कॉल लावत नाही. ते त्या आकड्यांवरून तुमचा फोन तिथे चालेल का हे कंपनीकडे तपासतील. चालत नसेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

तुम्ही मुद्दाम विचारलं नाहीये, पण नोव्हेंबरमध्ये तुम्ही इथे नसाल आणि हयातीचा दाखला त्याच महिन्यात द्यावा लागतो. पेन्शन जिथून मिळते तिथे आत्ताच जाऊन विचारा, परदेशातून कसा द्यायचा म्हणून. मोबाईलवरून द्यायचा ठरला तर ओटीपी ह्याच नंबरावर येणार. बँकेत गेलातच तर कार्डाचा परदेशातला वापर चालू आहे का तेही बघून घ्या. तो आपणहून चालू नसतो, आपण सांगून चालू करावा लागतो.

आता प्रवास. तुमच्या दोन विमानांच्या मधला मुक्काम अबुधाबीला आहे आणि तिथे एक गोष्ट तुम्हाला घाबरवेल, म्हणून आधीच सांगते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही. विमानतळाचं वायफाय लागेल, निरोप जातील, फोटो जातील, आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला निरोपही जाईल, पण कॉल लावलात तर जोडला जाणार नाही. फोन बिघडलेला नसतो, तिथला नियमच तसा आहे. लेकीला आणि भाच्याला हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर तेही तिकडून कॉल लावत बसतील आणि लागत नाही म्हणून तिघंही काळजीत. तुम्ही फक्त मायक्रोफोनचं चिन्ह दाबून धरायचं आणि म्हणायचं, "अबुधाबीला पोचले, पुढचं गेट सापडलं." भाच्याने तो निरोप लगेच काकांना साध्या फोनवर सांगायचा. ही एकच जबाबदारी त्याला द्या आणि ती त्याची आहे असं स्पष्ट सांगा.

अबुधाबीहून अमेरिकेला जाणाऱ्यांची अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबुधाबीच्या विमानतळावरच होते, न्यूयॉर्कला उतरल्यावर नाही. तिथला अधिकारी विचारेल, कुठे राहणार, कोणाकडे, किती दिवस. त्या दालनात फोन वापरायला मनाई असते. म्हणजे लेकीचा पत्ता फोनमध्ये असून उपयोग नाही. एका पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर ठळक इंग्रजीत लिहून पासपोर्टमध्येच ठेवा: लेकीचं आणि जावयांचं पूर्ण नाव, घराचा पत्ता, दोघांचे फोन नंबर, परतीच्या तिकिटाची तारीख, प्रवास विम्याचा क्रमांक आणि विमा कंपनीचा मदतीचा नंबर. मागच्या बाजूला यजमानांचा, भाच्याचा आणि तुमच्या डॉक्टरांचा नंबर. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या अक्षराबद्दल मी काय सांगायचं! ह्याच कागदाच्या दोन प्रती करा, एक खांद्यावरच्या पिशवीत, एक यजमानांकडे. बॅटरी संपली, फोन हरवला, गोंधळून काही आठवेनासं झालं, तरी हा कागद कोणाच्याही हातात दिला की समोरचा माणूस तुमच्या लेकीला फोन लावू शकतो. हरवण्याची भीती मनात असेल तर ती ह्या कागदाने जाईल.

पॉवर बँक घेणार असाल तर ती हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत चालत नाही. अमेरिकेतला प्लग चपट्या दोन पात्यांचा असतो, आपला गोल पिनांचा त्यात बसत नाही. जोडणीची छोटी पिन मुंबईला घेऊन ठेवा.

नंबर कसे साठवायचे हे नीट बघा, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. कराडचा लँडलाइन आपण ०२१६४ लावून फिरवतो. परदेशातून सुरुवातीचं शून्य गळतं आणि त्याजागी +९१ येतं, म्हणजे +९१ २१६४ आणि पुढे नंबर. मोबाईलला +९१ आणि दहा आकडे. शून्याचं बटण दाबून धरलं की अधिकचं चिन्ह येतं. आत्ता, इथे बसूनच, फोनमधला प्रत्येक महत्त्वाचा नंबर असा करून ठेवा. भारतात असतानाही तो तसाच लागतो, त्यामुळे काही बिघडत नाही.

ह्याचा संबंध आणखी एका गोष्टीशी आहे. अमेरिकेतून साध्या फोनवरून परदेशी फोन लावायचा तर आधी ०११ आणि मग देशाचा आकडा फिरवतात. भारताचा ९१. आणि अमेरिकेत पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका ह्या सगळ्यांचा मिळून एकच नंबर आहे, ९११. घाईत आकडे मागेपुढे झाले की घरी लावायला गेलेला फोन थेट तिकडे लागतो. आपल्या लोकांच्या हातून असं होतं. तसं झालंच तर घाबरून फोन ठेवू नका. ठेवलात तर त्यांना वाटतं, कोणीतरी संकटात आहे, आणि ते उलटा फोन करतात किंवा पोलीस दाराशी येतात. तिथेच थांबून शांतपणे सांगा, "सॉरी, राँग नंबर, आय ॲम सेफ." एवढं पुरतं. आणि खरंच गरज पडली, लेकीला अचानक त्रास व्हायला लागला आणि जावई घरात नाहीत, तर मात्र बिनदिक्कत ९११ लावा. घराचा पत्ता पाठ असू द्या, ते सगळ्यात आधी विचारतात.

आता कराडचं घर.

यजमानांचा बटणांचा फोन काढून घेऊ नका. एक्काहत्तराव्या वर्षी, बायको परदेशी जायच्या महिनाभर आधी, ओळखीचा फोन हातातून काढून घेतला तर तो माणूस अडचणीच्या क्षणी अनोळखी काचेवर बोट फिरवत बसेल. साध्या फोनची बॅटरी चार दिवस चालते, बटणं अंधारातही सापडतात. त्याच फोनला कामाला लावा. त्यात स्पीड डायल असतो, एक आकडा दाबून धरला की ठरलेला नंबर लागतो. दोनवर शेजारी, तीनवर भाचा, चारवर डॉक्टर, पाचवर १०८. फोनच्या मागे पांढरी पट्टी चिकटवून त्यावर हे लिहा. मग त्यांच्याकडून रोज एकदा, आठ दिवस, दोनचं बटण दाबून घ्या. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या म्हणजे झालं.

तुम्ही अमेरिकेतून १०८ लावलात तर तो महाराष्ट्रात लागणार नाही, हे लक्षात ठेवा. असे छोटे नंबर त्या त्या ठिकाणापुरते असतात. म्हणून रात्री मदत लागली तर ती शेजारून आधी पोचणार. घराची एक किल्ली शेजारी द्या. त्यांचा, डॉक्टरांचा आणि जवळच्या दवाखान्याच्या रुग्णवाहिकेचा पूर्ण दहा आकडी नंबर तुमच्याकडे ठेवा. औषधांची यादी आणि बायपासचे कागद एका पिवळ्या पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला लावा. पिशवी कुठे आहे हे शेजाऱ्यांना ठाऊक हवं.

साध्या फोनवर व्हॉट्सॲप लागत नाही, तेव्हा तुम्ही त्यांच्याशी बोलणार कसं? जावयांना सांगा, तिकडचं सिम घेतानाच भारतात बोलायची सोय असलेलं घ्या. महिन्याला थोडे जास्त डॉलर भरले की तशी सोय देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि मिनिटाला काही सेंट घेऊन भारतात साधा फोन लावून देणारी ॲपही आहेत. पहिला महिनाभर तरी हा खर्च नको म्हणू नका. आठवड्यातून एकदा, रविवारी, भाच्याने त्याचा फोन घेऊन काकांकडे यायचं आणि व्हिडीओ कॉल लावून द्यायचा. बाळ झाल्यावर बघा, काका स्वतःच विचारतील हा फोन कितीला मिळतो. विचारतील तेव्हा घेऊन द्या, साधा मात्र खिशात राहू द्या.

तुमचा अमेरिकेचा नंबर त्यांना अनोळखी दिसेल, आणि अनोळखी परदेशी नंबरावरून फसवणारे आज फार आहेत. "तुमच्या मिसेसना विमानतळावर अडवलंय, सोडवायला पैसे भरा" असा फोन आला तर एकटा माणूस काय करेल? म्हणून दोघांत एक शब्द ठरवा, घरातल्या इतर कोणालाही माहीत नसलेला. जो कोणी तुमच्या नावाने पैसे मागेल किंवा घाबरवेल, त्याला तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही की फोन ठेवायचा आणि तीनचं बटण दाबायचं. पोलीस किंवा कुठलंही सरकारी खातं फोनवर अटक करत नाही, हे त्यांना दोनतीनदा सांगा. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक आहे, तोही त्या पांढऱ्या पट्टीवर लिहा.

फोनची वेळ ठरवा. कराडमध्ये सकाळचे सात वाजतात तेव्हा ऑक्टोबरमध्ये एडिसनला आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात. चांगली वेळ आहे, त्यांचा चहा झालेला, तुमचं जेवण आटोपलेलं. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा तुमच्याकडे साडेआठच असतील. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. वेळ नेहमी कराडच्या घड्याळाने धरा, बदल तुम्ही सोसा.

हे मी आग्रहाने सांगते, कारण माझ्या आईचा एक सकाळचा तास असाच गेला. माझा भाऊ बोस्टनला असताना रात्री साडेनऊला फोन करायचा, आमच्याकडे सकाळी सातला यायचा. नोव्हेंबरातल्या त्या पहिल्या सोमवारी सात वाजले, सव्वासात झाले, फोन नाही. आईने चहा तसाच ठेवला. साडेसातला तिने मला उठवलं, पावणेआठला मामाला फोन केला. आठला घंटा वाजली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. भाऊ त्याच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर होता. दोघांचंही चुकलं नव्हतं, फक्त कोणाचं घड्याळ धरायचं हे ठरलेलं नव्हतं. तुमच्या यजमानांचं हृदय लक्षात घेता हा तास त्यांच्या वाट्याला येऊ नये.

त्यासोबत दुसरं ठरवा. एखाद्या दिवशी फोन आला नाही, तर काहीतरी काम निघालं असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या सातपर्यंत थांबायचं. बाळंतपणाच्या घरात रात्र आणि दिवस सरमिसळ होतात, एखादा फोन राहणारच. हे आधी बोललेलं असलं की राहिलेला फोन दोघांनाही छळत नाही. आणि सकाळी सातला त्यांच्याकडून तुमचा फोन सलग दोन दिवस उचलला गेला नाही, तर तुम्ही शेजाऱ्यांना लावायचा, हेही ठरवा. म्हणजे रात्री अंथरुणावर पडल्यावर तुमच्या मनाला एक उत्तर असेल.

बोलायचं काय, ह्याबद्दल दोन शब्द. माझे दीर ऐंशीच्या दशकात मस्कतला होते. पत्र पोचायला पंधरा दिवस लागायचे, म्हणून जाऊबाई कॅसेटवर बोलून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर पाठवायच्या. अर्धा तास भरायचा म्हणून त्या सगळं सांगायच्या: विहिरीचं पाणी, शेजारणीचं भांडण, कोंबड्यांचा आवाज. आता रोज बोलता येतं, तर "जेवलात का, गोळी घेतली का" इथेच फोन संपतो. यजमानांना रोज गोळ्या विचारू नका, त्या भाच्याला विचारा. त्यांना बाजारात आज काय भाव होता विचारा, प्रीतिसंगमावर फिरायला कोण भेटलं विचारा. तिकडचं तुम्ही सांगा. एडिसन हे गाव त्या शास्त्रज्ञाच्याच नावाचं आहे. तिथल्या मेन्लो पार्कमध्ये १८७७ मध्ये थॉमस एडिसनने टेलिफोनसाठी कोळशाचा ट्रान्समीटर तयार केला, आणि त्यामुळे दूरच्या माणसाचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. त्याच जागी आज त्याच्या स्मारकाचा मनोरा उभा आहे. जावयांना म्हणा, मला तिथे एकदा न्या. मग त्या संध्याकाळी यजमानांना फोन करायला तुमच्याकडे सांगण्यासारखं बरंच असेल.

निघायच्या आधी एक रंगीत तालीम करा. दोन दिवसांसाठी पुण्याला कोणाकडे तरी जा. तिथे मोबाईलचा डेटा बंद ठेवा, फक्त घरच्या वायफायवर राहा. व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप भाच्याला पाठवा आणि त्याने तो काकांपर्यंत किती वेळात पोचवला ते बघा. दुसऱ्या दिवशी बरोबर सातला यजमानांना दुसऱ्याच कोणाच्या, त्यांच्या ओळखीच्या नसलेल्या नंबरावरून फोन लावा. किती रिंगांनी उचलतात बघा, आणि तुमचा ठरलेला शब्द विचारतात का तेही.